विहिरीची बाजू

अटलांटातल्या समरहिल वस्तीत न्यू कनान बॅप्टिस्ट चर्च होतं. त्या चर्चमध्ये लूव्हीनिया पास्कल कुठे बसली आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. रेव्हरंड एनोक स्ट्रोझियर उभे राहिले, बायबल उघडलं, घसा खाकरून पहिलं वाक्य पुटपुटले की उजवीकडच्या बाकांवरून आवाज यायचा, "हं, सांगा!" आवाज मोठा नव्हता. पण तो आला की सगळं चर्च सावरून बसायचं.

तिला सगळे व्हीनी म्हणत, चर्चमध्ये रिवाजाप्रमाणे सिस्टर व्हीनी. आठवडाभर ती धुलाईच्या कारखान्यात गोऱ्या साहेबांच्या शर्टांना इस्त्री करायची. वाफेत दिवस जायचा, संध्याकाळी बोटं उघडत नसत. नवरा क्लॉड रेल्वेच्या यार्डात होता. भला माणूस, पण दिवसाला चार शब्द बोलला तर पाचवा उद्यासाठी ठेवणारा. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे व्हीनीचं जे काही बोलणं असे ते रविवारी चर्चमध्ये व्हायचं.

प्रवचनाला अशी झील धरायला कुणी शिकवत नाही. रेव्हरंड स्ट्रोझियर तरुणपणी गवंडी होते आणि त्यांचं प्रवचनही भिंतीसारखं चढायचं. आधी कानात सांगितल्यासारखं हळू. मग आवाजाला धार यायची, मग सूर लागायचा, आणि तासाभराने बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कुणालाच कळायचं नाही. त्यांना कुठे दम घ्यायचाय, कुठे टेकू हवाय, कुठे मागून ढकलायला हवं, हे व्हीनीला आतून कळायचं. "थांबू नका!" ती म्हणायची. "घाई नाही, सावकाश सांगा!" ती म्हणायची. एकदा ती तापाने घरी राहिली तर रेव्हरंड अर्ध्यातच थांबले. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात येऊन म्हणाले, "सिस्टर व्हीनी, लवकर बरी हो बाई. काल मी भिंतीशी बोलून आलो."

व्हीनीला एक धाकटी बहीण होती, ओझेला. आई लवकर गेली, म्हणून ओझेलाची वेणी घालण्यापासून लग्न लावण्यापर्यंत सगळं व्हीनीनेच केलं. ओझेला हसरी, पायांत भिंगरी असलेली. नवरा शेजारच्या राज्यात बर्मिंगहॅमच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला म्हणून गेला तो गेलाच. मागे राहिली एक तान्ही मुलगी, पर्ल.

एका शनिवारी पर्लला जरा सर्दी होती. ती झोपली, तशी ओझेलाने शेजारच्या म्हातारीला बसायला सांगितलं आणि पलीकडच्या गल्लीत एका घरी पियानो वाजत होता तिथे नाचायला गेली. दोन घटका मन रमवून येऊ, एवढंच. म्हातारीचा डोळा लागला. ओझेला परत आली तेव्हा पर्लचा श्वास थांबला होता. घटसर्प होता हे डॉक्टरने नंतर सांगितलं. घरी असती तरी काही करता आलं नसतं, असंही सांगितलं. पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते एवढंच, की आई नाचायला गेली होती.

पर्लला पुरल्यानंतर ओझेला घराबाहेर पडेना. व्हीनी रोज कामावरून सरळ तिच्याकडे जायची, चार घास पुढे ठेवायची, आणि सकाळी कामावर जाताना तेच ताट तसंच उचलायची. शेवटी एका रविवारी तिने बहिणीला दंडाला धरून उठवलं. "चल. लोक बघतील ते बघू देत. मी आहे ना बाजूला."

त्या रविवारी रेव्हरंड स्ट्रोझियर एका आईची गोष्ट सांगू लागले. नाव घेतलं नाही, पण कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. पियानो वाजतोय, पाय थिरकतायत, आणि तिकडे पाळण्यात बाळ तडफडतंय. आवाज चढत गेला. माना ओझेलाकडे वळल्या. तिने चेहरा ओंजळीत लपवला. व्हीनीचा हात तिच्या पाठीवर होता आणि तोंडात एकच होतं, "दया कर, प्रभू. दया कर." मनातून ती रेव्हरंडवर चिडली होती. याच्यासाठी का मी हिला इथे आणलं?

पण रेव्हरंड थांबले. रुमालाने कपाळ पुसलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "आता तुम्ही दगड उचलले असतील तर जरा हातातच धरा. मला हागारबद्दल बोलायचंय."

आणि ते बायबलमधल्या हागारला वाळवंटात घेऊन गेले. मालकाने घराबाहेर काढलेली दासी. पाठीवर पाण्याची मसक, हाताला लेकरू. पाणी संपलं. तिने लेकराला झुडपाखाली ठेवलं आणि लांब जाऊन बसली, कारण त्याला मरताना बघवेना. "ऐका!" रेव्हरंड म्हणाले. "तीही लेकराला सोडून लांब गेली होती! मग देवाने वरून काय विचारलं? 'हागार, कुठे गेली होतीस?' असं विचारलं?"

"नाही!" चर्च म्हणालं.

"'हागार, तुला लाज नाही वाटली?' असं विचारलं?"

"नाही, नाही!"

"देव म्हणाला, 'हागार, तुला काय झालं?'" रेव्हरंड पायऱ्या उतरून खाली आले, ओझेलासमोर उभे राहिले. "तुला काय झालं, बाई? इतक्या दिवसांत हे तुला कुणी विचारलं का?"

मग विहीर आली. देवाने हागारचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. तासभर चढत आलेली ती भिंत तिथे पुरी झाली. सगळं चर्च उभं राहिलं. ज्या बायका तोवर ओझेलाला बघून रस्ता ओलांडत होत्या त्या तिच्या गळ्यात पडून रडत होत्या. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

याला वर्ष उलटलं. तोवर गावात नवी हवा आली होती. फोनोग्राफ आता गरिबाच्या घरीही आला होता आणि त्यावर लोकांना गाण्याइतकीच प्रवचनंही हवी होती. गावातल्याच दुसऱ्या एका चर्चच्या पाद्र्याची रेकॉर्ड निघाली आणि त्याचं नाव पार मिसिसिपीपर्यंत गेलं. न्यू कनानचा कारभार बघणाऱ्या डीकन मंडळींना ते लागलं. "तो माणूस? तो तर नाकात बोलतो! आपले रेव्हरंड एकदा बोलू देत, त्याची रेकॉर्ड लोक चुलीत घालतील." रेव्हरंड हसून सोडून द्यायचे, पण ऐकून घ्यायचे. रेकॉर्ड कंपनीची माणसं उत्तरेकडून यंत्रं घेऊन अटलांटात आली तेव्हा रेव्हरंडना बोलावणं आलं.

मिस्टर हॅलॉक म्हणून त्यांचा मुख्य होता. तो म्हणाला, गोष्ट असलेलं काहीतरी हवं. रेव्हरंडच्या डोक्यात एकच प्रवचन होतं, आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं. पण आधी ते ओझेलाकडे गेले.

"तुझं नाव घेणार नाही," ते म्हणाले. "तुझ्यासारख्या कितीतरी बायका घराघरांत तोंड लपवून बसल्या असतील. त्यांच्यापर्यंत विहीर पोचू दे."

ओझेला शिवण बाजूला ठेवून म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी मला मातीतून उठवलंत. सांगा की. आणि व्हीनी साथीला असेल ना? मग झालं."

कंपनीने भाड्याने घेतलेल्या गोदामाच्या मागच्या जिन्याने चौघांना वर नेलं. रेव्हरंड, व्हीनी, आणि साथीला चर्चमधले आणखी दोघं. भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. खिडक्या बंद, उकाडा असा की व्हीनीला कारखान्यात आल्यासारखं वाटलं. मधोमध खांबावर मायक्रोफोन. रेव्हरंड बोलताना पाय आपटतात हे पाहिल्यावर त्यांच्या पायांखालीही एक उशी सरकवली. तिच्यावर उभे राहून ते अवघडल्यासारखे दिसत होते.

"तीन मिनिटं," हॅलॉक म्हणाला. "हा लाल दिवा लागला की आवरायचं."

"सर, माझं प्रवचन तासाचं आहे."

"मग त्यातलं झणझणीत तेवढं दे, प्रीचर."

रेव्हरंडनी विचार केला. "रेकॉर्डला दोन बाजू असतात ना? एका बाजूला पाप देतो, दुसऱ्या बाजूला विहीर."

"उत्तम," हॅलॉक म्हणाला.

पहिला प्रयत्न जमला नाही. रेव्हरंडना हळू सुरुवात करायची सवय. पाळण्यापर्यंत पोचायच्या आतच दिवा लागला. दुसऱ्या वेळी त्यांनी थेट पियानोपासून धरलं. व्हीनीने नेहमीसारखी साथ दिली, "दया कर, प्रभू." हॅलॉक काचेपलीकडच्या खोलीतून बाहेर आला, सरळ तिच्याकडे.

"ए निळ्या झग्यातली. आवाज झकास आहे तुझा. पण हे असलं रडगाणं नको. कुंपणाशी उभी राहून शेजारणीला कशी सांगशील, तसं बोल. मनात येईल ते बोल. मजा आण जरा."

सगळ्यांसमोर तिच्या आवाजाला कुणी झकास म्हणायची ही पहिलीच वेळ. शिवाय रेव्हरंड घामाघूम झाले होते, मायक्रोफोनसमोर एकटे पडले होते. त्यांना टेकू हवा होता, आणि टेकू देणं हे तर तिचं कामच. तिसऱ्या वेळी रेव्हरंड म्हणाले, "पाळण्यात लेकरू खोकतंय!" आणि व्हीनी तारस्वरात म्हणाली, "आणि ती नाचतच राहिली!"

रेव्हरंडचा चेहराच उजळला. त्यांना लय सापडली. "लेकरू हात पसरतंय!"

"आणि ती नाचतच राहिली! बाई गं, काय ते पाय!" आणि व्हीनी हसली. ठसक्यात, कमरेवर हात ठेवून, अगदी कुंपणाशी उभं राहून हसावं तशी. काचेपलीकडे हॅलॉक मुठी हलवून नाचायच्या बेतात होता. दिवा लागला तेव्हा सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, आणि रेव्हरंड म्हणाले, "सिस्टर व्हीनी, आज तू मला उचललंस."

मग विहिरीची बाजू केली. "हागार, तुला काय झालं?" ला व्हीनी रडली. ती बाजूही एका झटक्यात उतरली. सगळं झाल्यावर हॅलॉक म्हणाला, रेकॉर्ड कोरायचं मेण शिल्लक आहे, हाताशी आणखी काही असेल तर देऊन टाका. रेव्हरंडनी फासे खेळणाऱ्यांवर एक छोटंसं, हसवणारं प्रवचन केलं. जिना उतरताना चौघंही लग्नाहून परतावं तसे खुशीत होते. त्या संध्याकाळी व्हीनीने ओझेलाला सगळं सांगितलं. गोधड्या, उशी, लाल दिवा. स्वतः काय बोलली ते मात्र सांगायचं राहून गेलं. मुद्दाम लपवलं नाही. तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

रेकॉर्ड आली आणि वणव्यासारखी पसरली. फर्निचरच्या दुकानाबाहेर माणसं उभी राहून ऐकत. रेल्वेतले पोर्टर पेट्यांतून ती खेड्यापाड्यांत नेत.

समरहिलमध्ये पहिल्यांदा ती वाजली सिस्टर ड्रुसिला ब्रॉटनच्या ओट्यावर. शनिवारी दुपारी मासे तळायचा बेत होता. कढईत कॅटफिश सोडले होते, मक्याच्या पिठाचा वास सुटला होता, अर्धी गल्ली जमली होती. ओझेला पीच घालून भाजलेलं गोड कॉब्लर करून घेऊन आली. "माझी बहीण रेकॉर्डवर आहे," ती वाटेतच दोघातिघांना सांगत आली होती.

ड्रुसिलाने चावी दिली, सुई टेकवली. खरखर झाली आणि रेव्हरंडचा आवाज आला. टाळ्या पडल्या. मग पियानो, पाळणा. ओझेला भांडं दोन्ही हातांत धरून मान खाली घालून ऐकत होती. पुढे काय येणार ते तिला ठाऊक होतं, तेवढं सोसायची तिची तयारी होती. आणि मग तिच्या बहिणीचा आवाज आला. "आणि ती नाचतच राहिली! बाई गं, काय ते पाय!"

ओट्यावर हशा पिकला. कुणीतरी मांडीवर थाप मारली. मग एकेकाची नजर ओझेलाकडे गेली आणि हसू जागच्या जागी विरलं. फक्त रेकॉर्डवरची व्हीनी हसत होती.

ओझेलाने कॉब्लर कठड्यावर ठेवलं. आवाज न चढवता म्हणाली, "दुसरी बाजू लाव."

ड्रुसिलाने घाईघाईने रेकॉर्ड उलटली. सुई टेकवली. फासे खेळणाऱ्यांवरचं प्रवचन सुरू झालं.

"विहीर कुठाय?" ओझेलाने विचारलं. तिने व्हीनीकडे पाहिलं. "व्हीनी, विहीर कुठाय गं?"

"केली होती," व्हीनी म्हणाली. "देवाशप्पथ केली होती, ओझेला. मी तिथे रडले."

ओझेला पायऱ्या उतरून निघून गेली.

सोमवारी रेव्हरंड स्वतः फर्निचरच्या दुकानात गेले. दुकानदाराने कंपनीच्या माणसाला विचारून त्यांना सांगितलं, "ती दुसरी त्यांनी काढलीच नाही, प्रीचर. म्हणाले, ती ऐकून माणूस गप्प बसतो. गप्प बसणारा माणूस दुसरी रेकॉर्ड घेत नाही." मग त्याने त्यांचं अभिनंदन केलं.

मोठ्या माणसांनी निदान ओझेलासमोर तोंड सांभाळलं. पोरांनी नाही. गल्लीत दोरीवरच्या उड्या मारताना मुलींनी त्याचं गाणं केलं. एक म्हणायची, लेकरू खोकतंय, बाकीच्या ओरडायच्या, आणि ती नाचतच राहिली. त्यांना बिचाऱ्यांना पर्ल माहीत नव्हती. व्हीनीने एकदा धावत जाऊन दोरी हिसकावून घेतली, तर त्या पोरी तिच्याकडे बघून खिदळल्या. "तीच! रेकॉर्डवरची बाई! एकदा म्हणून दाखवा ना!"

कारखान्यातही तेच. इस्त्री करता करता बायका म्हणायच्या, "व्हीनी, एकदा हस ना गं तशी." ज्या आवाजाचा तिला लहानपणापासून आधार होता त्याचीच तिला शिसारी येऊ लागली.

रेव्हरंडनी ठरवलं की पुढच्या रविवारी अख्खं प्रवचन करायचं, विहिरीसकट, आणि सगळ्यांना ऐकवायचं. व्हीनी ओझेलाला आणायला गेली. ती आली नाही. चर्च मात्र तुडुंब भरलं. दुसऱ्या वस्त्यांतून माणसं आली होती, खिडक्यांत उभी होती. रेकॉर्डवरचे शब्द आले की ती आधीच तोंडपाठ ओरडायची. पाळणा येताच सगळ्या माना व्हीनीकडे वळल्या. ती ओठ मिटून बसली. मग लोकांनीच ते वाक्य म्हटलं, सगळ्या चर्चने एका आवाजात, आणि हसले. रेव्हरंडनी हात वर करून शांत व्हायला सांगितलं. हागारचं नाव काढलं. पण आलेल्यांना हवं होतं ते मिळालं होतं. मागच्या रांगा उठू लागल्या, बाहेर गप्पा सुरू झाल्या. रेव्हरंड विहिरीपर्यंत पोचले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता आणि निम्मी बाकं रिकामी होती.

त्या संध्याकाळी व्हीनी बहिणीकडे गेली. ओझेला पेटीत कपडे भरत होती.

"कुठे निघालीस?"

"उत्तरेला. ड्रुसिलाचा दीर डेट्रॉइटला असतो, तो काम बघून देईल."

"माझ्यामुळे?"

ओझेला पेटीपाशी जमिनीवर बसली. "एक विचारू? त्या खोलीत तू ते बोललीस तेव्हा तुझ्या मनात मी होते का?"

"नव्हतीस! शप्पथ. तुझा विचारसुद्धा नव्हता माझ्या डोक्यात."

"तेच," ओझेला म्हणाली. "मनात असते आणि रागाने बोलली असतीस, तर भांडले असते तुझ्याशी. पर्लला तू न्हाऊमाखू घालायचीस, व्हीनी. तुझ्या मांडीवर झोपायची ती."

व्हीनीने खाली बसून एक झगा उचलला, घडी नीट केली आणि पेटीत ठेवला. दोघींनी मिळून पेटी भरली.

त्यानंतरची वर्षं व्हीनीने गप्प राहून काढली. चर्चला ती जायची, बसायची त्याच बाकावर, पण तोंड उघडायची नाही. नवीन माणसांना वाटायचं ही घुमी आहे. रेव्हरंडनी पहिल्या वर्षी दोनदा गाठून विनवलं. "सिस्टर व्हीनी, मला टेकू दे गं." ती म्हणाली, "दिला होता, रेव्हरंड." मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

कंपनीने त्यांच्याकडून आणखी काही रेकॉर्डी करून घेतल्या, सगळ्या पापाच्या. मग मंदी आली, रेकॉर्डींचा धंदा बसला आणि हॅलॉकची माणसं परत आली नाहीत. रेव्हरंड गावोगाव प्रवचनाला जात, आणि जिथे जात तिथे लोक म्हणत, ते नाचाचं सांगा. ते सांगत, आणि हागारकडे वळले की जेवणाची वेळ झालेली असे. शेवटच्या आजारात व्हीनी त्यांना सूप घेऊन गेली होती. त्यांनी तिचा हात धरला. "दिवा लागला तरी मी बोलत राहायला हवं होतं. त्यांचं मेण वाया गेलं असतं, एवढंच ना?" तिने चमचा पुढे केला.

क्लॉड गेल्यावर, मोठं युद्ध संपल्यावर, व्हीनीने डेट्रॉइटला जायचं ठरवलं. पत्ता ड्रुसिलाकडून मिळाला. सिनसिनाटीपर्यंत काळ्या लोकांसाठीच्या वेगळ्या डब्यात, पुढे कुठेही बसा. सबंध वाटेत ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. ज्या बाईने कधी आधी ठरवून एक शब्द उच्चारला नव्हता, ती खिडकीला डोकं टेकून पाठांतर करत होती.

दार ओझेलानेच उघडलं. अंगाने भरली होती, चष्मा लागला होता. आतून पुरुषाचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"अटलांटाच्या आहेत," ओझेलाने मागे वळून सांगितलं. "आमच्या जुन्या चर्चमधल्या सिस्टर पास्कल."

व्हीनीने ते ऐकलं आणि आत गेली.

नवरा लोखंड ओतायच्या फाउंड्रीत होता, मोठ्या मनाचा, बोलका. त्याने स्वतः खुर्ची पुढे केली. एक मुलगी होती, रोझेटा. पोरकी म्हणून आणलेली, आता शाळेच्या शेवटच्या वर्षाला. जेवायला रश्श्यातलं चिकन होतं, कॉलर्डची पालेभाजी, मक्याचा ब्रेड. चव आईच्या हातची होती, आणि ते तिथे फक्त दोघींना कळत होतं.

रोझेटा उत्सुकतेने विचारत होती, "आई तिकडे कशी होती हो, सिस्टर पास्कल? इथे कधी काही सांगतच नाही. चर्चमध्ये सगळ्या बायका बोलतात, ही आपली गप्प."

ओझेला भाजी वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

"तुझी आई?" व्हीनी म्हणाली. "ती हसायला लागली की आख्खं बाक हसायचं. पाय तर असे हलके, की पावसाळ्यात चिखलातून चालत आली तरी बुटाला डाग नसायचा."

"आई!" रोझेटा टाळी वाजवून म्हणाली. "तू नाचायचीस की काय?"

"नाही," ओझेला म्हणाली. "ब्रेड घे."

निघताना ओझेला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. वारा बोचरा होता.

"त्यांना पर्ल माहीत नाही," ओझेला म्हणाली.

"समजलं मला."

"ती रेकॉर्ड इथेही आली होती. आमच्या वरच्या मजल्यावर होती एकीकडे. एकदा मला बोलावलं ऐकायला. सगळ्या बायका हसत होत्या. मीही हसले, व्हीनी. नाही हसले तर विचारतील, म्हणून. खाली येऊन मी चुलीपाशी उभी राहिले आणि मला कळेना की मी कोण."

व्हीनीने वाटभर पाठ केलेलं सगळं गोळा केलं. "ओझेला, मी तुला—"

"नको." ओझेलाने तिच्या दंडावर हात ठेवला. "तू बोलशील, मग मला रडू येईल, आणि मला घरी जाऊन त्या दोघांना तोंड दाखवायचंय. राहू दे ना. आलीस ते बरं केलंस."

बस दिसू लागली. ओझेलाने बहिणीच्या कोटाचं वरचं बटण लावलं, कापड दोन बोटांत धरून पाहिलं. "हे काय पातळ घालून आलीस? इथली थंडी तुला माहीत नाही. पुढच्या वेळी जाड कोट आण."

"आणेन," व्हीनी म्हणाली.

तिने अटलांटाला परत आल्यावर जाड कोट घेतला. पण पुढच्या हिवाळ्याआधी फाउंड्री बंद पडली आणि ओझेलाचं कुटुंब घर सोडून पश्चिमेकडे कुठेतरी गेलं. नवा पत्ता ड्रुसिलालाही कळला नाही. व्हीनीने डेट्रॉइटहून आलेल्या गेलेल्या प्रत्येकाकडे चौकशी केली. कुणी म्हणे ओकलंड, कुणी म्हणे लॉस एंजेलिस. ती स्वतः त्यानंतर बरीच वर्षं जगली. शेवटी शेवटी तिला भेटायला येणाऱ्या पाद्र्याला ती फक्त एकच विनंती करायची, हागारबद्दल वाचा म्हणून. तो भला माणूस वाचायचा, भराभर, एका सुरात, आणि ती डोळे मिटून ऐकायची. मध्येच तिचे ओठ हलायचे, पण आवाज काही यायचा नाही.